सोळातल्या चौदा टीम्स आत, याचं खरं कारण आकार नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या मार्चमधल्या टूर्नामेंटवर लेख आला होता. मराठी पेपरात हा विषय आला याचा खूप आनंद झाला, कारण पर्ड्यू म्हणा, इलिनॉय म्हणा, टेक्सास म्हणा, आपली इतकी मुलं या युनिव्हर्सिट्यांमध्ये शिकतायत आणि मार्च उजाडला की घरच्या फोनवर पण ब्रॅकेट (मॅचेसचा तक्ता), सीड (मानांकन), अपसेट (अनपेक्षित निकाल) असलंच बोलत असतात आणि तिकडे पुण्या-नाशिकातल्या आईबाबांना कळत नाही की हे नेमकं काय चाललंय. पण त्या लेखात म्हटलं होतं की कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, टीम्स जितक्या जास्त तितक्या टूर्नामेंटमधल्या जागा जास्त, आणि पुरावा म्हणून 2025 ची एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) दिली होती, 16 पैकी 14 टीम्स टूर्नामेंटमध्ये. हे अर्धंच खरं आहे, आणि जे अर्धं राहिलं तेच जास्त महत्त्वाचं आहे. मी बरीच वर्षं इंडियानात राहतो, इथे बास्केटबॉल हा घराघरातला विषय आहे, त्यामुळे राहवलं नाही. पत्र जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी रचना सांगतो. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, तिच्या सगळ्यात वरच्या पातळीवर म्हणजे डिव्हिजन वनमध्ये 2024-25 ला पुरुषांच्या 364 टीम्स होत्या आणि टूर्नामेंटमध्ये जागा 68. कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचे गट, प्रत्येक गट आपली वेगळी टूर्नामेंट खेळतो आणि ती जिंकणाऱ्याला थेट प्रवेश मिळतो, याला ऑटोमॅटिक बिड म्हणतात. 2025 ला अशा 31 बिड होत्या, आधी 32 असायच्या पण पॅक-12 फुटली आणि तिच्यात दोनच टीम्स उरल्या म्हणून एक कमी झाली. राहिलेल्या 37 जागा एक निवड समिती बसून देते, त्यांना अ‍ॅट-लार्ज म्हणतात. आपल्याकडे रणजीत हे नसतं, एलिटमध्ये आठ-आठ संघांचे चार ग्रुप आणि प्रत्येकातले वरचे दोन क्वार्टर फायनलला, पॉइंट्स टेबल बघा की झालं, बंद खोलीत बसून कुणी ठरवत नाही. इथे मात्र अर्ध्याहून जास्त जागा खोलीत ठरतात, म्हणून आकाराचा प्रश्न येतो.

आता बघा, ऑटोमॅटिक बिड प्रत्येक कॉन्फरन्सला एकच, मग तिच्यात 8 टीम्स असोत नाहीतर 18. म्हणजे या भागात मोठं असण्याचा तोटाच आहे, एका जागेसाठी अठरा जण भांडणार. 2025 ला तर एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) आणि बिग टेन या दोन कॉन्फरन्सेसनी आपल्या 18 पैकी 15 च टीम्सना स्वतःच्या टूर्नामेंटमध्ये घेतलं, खालच्या तिघींना तो शेवटचा दरवाजा पण नाही. मग मोठ्या कॉन्फरन्सला त्या एका जागेपलीकडे जे काही मिळतं ते सगळं अ‍ॅट-लार्जमधून मिळतं आणि तिथे आकार एकटा काही करत नाही. त्याच 2025 ची एसीसी घ्या, 18 टीम्स, आत किती, तर 4. ड्यूक, लुइव्हिल, क्लेमसन आणि सगळ्यात शेवटी ढकलत ढकलत नॉर्थ कॅरोलिना. बिग टेन पण 18 चीच, तिथून 8. बिग ट्वेल्व 16 ची, तिथून 7. बिग ईस्ट 11 ची, तिथून 5. आकारावर बिड मिळत असत्या तर एसीसीला एसईसीपेक्षा जास्त मिळायला हव्या होत्या, मिळाल्या चारच. आणि उलटीकडून बघायचं तर 1991 ला बिग ईस्टमध्ये फक्त 9 टीम्स होत्या त्यातल्या 7 आत गेल्या होत्या, आणि बिग ट्वेल्व दहाच टीम्सची होती तेव्हा तिने एकापेक्षा जास्त वेळा दहातल्या सात पाठवल्यात. त्यामुळे नुसते आकडे छापू नका, बाजूला टक्केवारी पण छापा, एवढं एक केलं तरी वाचकाच्या डोक्यातला निम्मा गोंधळ जाईल.

मग एसईसीचं काय झालं? उत्तर नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये आहे. कॉन्फरन्सच्या आतल्या मॅचेस सुरू व्हायच्या आधी प्रत्येक टीम बाहेरच्यांशी साधारण 13 मॅचेस खेळते, एसईसीच्या सोळा टीम्सनी मिळून अशा 208 मॅचेस खेळल्या आणि त्यातल्या 185 जिंकल्या, हरल्या फक्त 23. डिसेंबरच्या सुरुवातीला एसईसी विरुद्ध एसीसी असं चॅलेंज असतं, ते एसईसीने 14-2 असं, म्हणजे 14 मॅचेस जिंकून आणि 2 हरून, जिंकलं. बस, इथेच सगळं ठरलं. कारण जानेवारी लागला की कॉन्फरन्स आत मिटते, आणि आत एक जण जिंकला की दुसरा हरतो, 16 टीम्स आणि प्रत्येकीच्या 18 मॅचेस म्हणजे 144 विजय आणि 144 पराभव, एकही कमी नाही की जास्त नाही. बाहेरून आणलेली पत आतल्या आत फिरत राहते, तिच्यात भर पडत नाही आणि तिला ओहोटी पण लागत नाही. डिसेंबरात एसईसी वर होती म्हणून मार्चपर्यंत वरच राहिली आणि एसीसी खाली गेली ती खालीच राहिली, मग जानेवारी-फेब्रुवारीत तिथे कुणी कितीही चांगलं खेळो.

आणि इथे आकार कामाला येतो, म्हणून मी अर्धं खरं म्हणालो. समिती टीम्सना नेट नावाच्या रँकिंगवरून मोजते, 2018-19 च्या सीझनपासून, त्याआधी आरपीआय नावाचं रँकिंग होतं. नेटवरून मॅचेसचे चार वर्ग पाडतात. क्वाड वन म्हणजे स्वतःच्या कोर्टवर टॉप 30 मधल्या टीमशी, न्यूट्रल कोर्टवर टॉप 50 मधल्या टीमशी, किंवा समोरच्याच्या घरी जाऊन टॉप 75 मधल्या टीमशी झालेली मॅच. समितीसमोर जो कागद ठेवतात त्यावर क्वाड वनचे विजय सगळ्यात वर असतात. आता सोळाच्या सोळा टीम्सची पत डिसेंबरात वाढलेली असेल तर फेब्रुवारीत समोरच्याच्या घरी जाऊन खेळलेली तुमची जवळपास प्रत्येक मॅच ही क्वाड वन असते, हरलात तरी काही बिघडत नाही कारण चांगल्या टीमशीच हरलात, आणि अशा पंधरा संधींमध्ये चार-पाच जिंकलात की कागद भरला. दहा टीम्सच्या लीगमध्ये, म्हणजे कॉन्फरन्समध्ये, हाच खेळ कमी चालतो कारण तिथे सगळे सगळ्यांशी दोन दोनदा खेळतात, लपायला जागा नसते. एसईसीत 18 मॅचेस आणि 15 प्रतिस्पर्धी, म्हणजे बाराजणांशी एकदा आणि तिघांशी दोनदा, कुणाच्या वाट्याला कोण दोनदा आलं त्यावर सगळं अवलंबून. म्हणजे आकार बिड तयार करत नाही, जे आधी कमावलंय ते वाढवून देतो, आणि वाईट असेल तर वाईट पण वाढवतो, एसीसीला विचारा. नॉर्थ कॅरोलिना स्वतःच्या लीगमध्ये 13-7 होती आणि क्वाड वनमध्ये 1-12, कारण त्या लीगमध्ये जिंकण्यासारखं कुणी उरलंच नव्हतं.

आता माझ्या मनाला सगळ्यात लागणारी गोष्ट. ती आहे बाहेर राहणाऱ्या छोट्या कॉन्फरन्सच्या टीम्सची.

2024 ला आमच्या इथल्या टेरे हॉट गावच्या इंडियाना स्टेटची टीम 28-6 होती. हे तेच कॉलेज जिथून पुढे मोठा बास्केटबॉलपटू झालेला लॅरी बर्ड 1979 ला फायनलला गेला होता. मिझुरी व्हॅली कॉन्फरन्समध्ये 17-3, पहिला नंबर, नेटमध्ये पहिल्या तिसात. कॉन्फरन्सच्या फायनलला ड्रेककडून 84-80 हरले आणि समितीने बाहेर ठेवलं. कारण काय तर क्वाड वनचे विजय कमी. कमी असणारच ना, त्यांच्याशी खेळतं कोण? त्या सीझनला ते अलाबामाच्या घरी गेले, मिशिगन स्टेटच्या घरी गेले, दोन्हीकडे हरले, पण गेले. यातलं कुणी टेरे हॉटला आलं का? मोठी कॉलेजं अशा टीम्सना पैसे देऊन आपल्या कोर्टवर बोलवतात, याला बाय गेम म्हणतात, छोट्या कॉलेजचं बजेट त्यातूनच चालतं म्हणून ते नाही म्हणू शकत नाहीत, पण परतीची मॅच खेळायला मोठे कुणी जात नाहीत कारण जाऊन हरलं तर नाव जातं आणि जिंकलं तर काही मिळत नाही. आणि कॉन्फरन्स जितकी मोठी होते तितकं हे वाढतं. कारण आतल्या मॅचेस 16 च्या 18 झाल्या, काही ठिकाणी 20 झाल्या, राहिलेल्या अकरा ते तेरा मॅचेसमध्ये एक-दोन मोठ्या लीगशी ठरलेल्या मॅचेस, दोन-तीन बहामाज नाहीतर लास व्हेगासच्या टूर्नामेंटमध्ये, आणि जे उरलं ते आपल्या घरी सोप्या टीम्सना बोलवून. चांगल्या पण छोट्या लीगमधल्या टीमला कॅलेंडरवर जागाच राहिली नाही. आधी परीक्षेला बसू द्यायचं नाही आणि नंतर मार्क कमी म्हणून नापास करायचं, याला काय अर्थ आहे सांगा. त्या टीमचं पुढे काय झालं ते पण ऐका, एनआयटी नावाच्या दुसऱ्या टूर्नामेंटमध्ये ते फायनलपर्यंत गेले, घरचं हुलमन सेंटर भरभरून वाहत होतं, आणि त्यानंतर कोच जॉश शर्ट्झ सेंट लुइसला गेले आणि त्यांच्यामागे टीमचा मुख्य खेळाडू रॉबी अव्हिला पण गेला. एक टीम जमायला वर्षं लागतात, ती एका उन्हाळ्यात विस्कटली.

2025 चे आकडे मी सगळे मांडून बघितले. 37 अ‍ॅट-लार्जपैकी 33 गेल्या एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व, एसीसी आणि बिग ईस्ट या पाच लीग्जना. उरलेल्या 26 लीग्जना मिळून 4, त्यातल्या तीन माउंटन वेस्टला आणि एक वेस्ट कोस्टला. म्हणजे 24 लीग्ज अशा की त्यांना आपला विजेता पाठवण्याशिवाय काहीच नाही. पाच लीग्जमधल्या 79 टीम्सना 38 जागा, आणि बाकीच्या सुमारे 285 टीम्सना 30.

यावर कुणी म्हणेल की मग काय झालं, मोठ्यांमध्येच चांगल्या टीम्स आहेत, बघा ना स्वीट सिक्स्टीनला, म्हणजे शेवटच्या सोळांत, सोळाच्या सोळा त्या पाचातल्या चार लीग्जच्याच होत्या, एसईसीच्या सात, बिग टेनच्या चार, बिग ट्वेल्वच्या चार आणि एसीसीची ड्यूक. फायनलला फ्लॉरिडाने ह्यूस्टनला 65-63 हरवलं. अगदी बरोबर. एसईसीच्या वरच्या टीम्स त्या वर्षी देशात भारी होत्या यात मला शंकाच नाही, त्यांना माझा काही विरोध नाही. पण खालच्यांकडे बघा. एसईसीच्या त्या 14 पैकी 6 टीम्स स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये जिंकल्या कमी आणि हरल्या जास्त. अर्कान्सा, मिसिसिपी स्टेट, जॉर्जिया आणि व्हँडरबिल्ट 8-10, ओक्लाहोमा आणि टेक्सास 6-12. या सहांपैकी पाच आपली पहिलीच मॅच हरून घरी गेल्या. टेक्सास झेवियरकडून, ओक्लाहोमा यूकॉनकडून (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी), मिसिसिपी स्टेट बेलरकडून, आणि जॉर्जिया गोंझागाकडून, व्हँडरबिल्ट सेंट मेरीजकडून, हे शेवटचे दोघं तर छोट्या वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सचे. लीगमध्ये 10-8 असलेल्या मिझुरीला सुद्धा ड्रेकने घरी पाठवलं. अर्कान्सा एकटी पुढे गेली, कॅन्ससला आणि सेंट जॉन्सला हरवून स्वीट सिक्स्टीनला पोचली, ते मान्य. पण सहातली एक.

त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनिया बिग ट्वेल्वमध्ये बरोबर 10-10 होती आणि बाहेर राहिली, आणि टेक्सास 6-12 असून आत. यूसी अर्वाइन बिग वेस्टमध्ये वर्षभर जिंकत आली, कॉन्फरन्सची फायनल यूसी सॅन डिएगोकडून हरली, संपलं. एका संध्याकाळी हरल्याची शिक्षा छोट्याला अख्ख्या वर्षाची, आणि मोठ्याला बारा वेळा हरून पण माफी.

छोट्या लीगमधून समितीने कुणाला घेतलं तर ते जागा वाया घालवतात असं पण नाही. 2006 ला जॉर्ज मेसनला अ‍ॅट-लार्ज दिली तेव्हा टीव्हीवर आरडाओरडा झाला होता, त्यांनी मिशिगन स्टेट, नॉर्थ कॅरोलिना आणि यूकॉनला हरवून फायनल फोर म्हणजे सेमीफायनल गाठली. 2011 ला व्हीसीयूच्या बाबतीत तर त्याहून जास्त ओरडा, फर्स्ट फोरपासून, म्हणजे पहिल्या फेरीच्याही आधीच्या मॅचपासून, सुरुवात करून, कॅन्ससला हरवून तेही फायनल फोरला गेले. दोन्ही टीम्स तेव्हा कलोनियल अ‍ॅथलेटिक असोसिएशनच्या. आणि योगायोग बघा, त्याच 2011 ला बिग ईस्टने 16 पैकी 11 टीम्स पाठवून तेव्हाचा रेकॉर्ड केला होता आणि त्या अकरातल्या स्वीट सिक्स्टीनला पोचल्या फक्त दोन, यूकॉन आणि मार्केट युनिव्हर्सिटी. यूकॉनने किताब जिंकला हे खरं, लीगमध्ये ते 9-9 होते आणि मग कॉन्फरन्स टूर्नामेंटला पाच दिवसांत पाच मॅचेस जिंकून आले होते, म्हणजे त्यांनी आपली जागा कोर्टवर मिळवली होती.

हे सगळं कायमचं असं नव्हतं. 1974 पर्यंत नियम होता की एका कॉन्फरन्समधून एकच टीम. त्या वर्षी एसीसीच्या फायनलला मेरीलँड ओव्हरटाइममध्ये 103-100 अशी नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून हरली, देशातल्या सगळ्यात चांगल्या चार-पाच टीम्समधली एक, आणि घरी बसली. तो अन्याय बघून 1975 ला टूर्नामेंट 32 ची केली आणि दुसऱ्या टीमला वाट मिळाली, 1980 ला दोनची मर्यादा पण गेली, 1985 ला 64 झाल्या. म्हणजे अ‍ॅट-लार्ज ही सोय मेरीलँडसारख्या टीमसाठी आली होती, जी वर्षभर चांगली खेळून शेवटची एक मॅच हरली. आज अगदी तशीच टीम इंडियाना स्टेट असते आणि तिलाच ती सोय मिळत नाही, ती मिळते लीगमध्ये तेराव्या नंबरवर असलेल्याला. मला हे पटत नाही आणि कधी पटणार नाही.

पैशाचं पण सांगायलाच हवं. टूर्नामेंटमध्ये खेळलेल्या प्रत्येक मॅचला, फायनल सोडून, एक युनिट म्हणजे पैशाचा एक वाटा मिळतो आणि तो कॉन्फरन्सच्या खात्यात जातो, एका युनिटचे सहा वर्षांत मिळून अंदाजे 20 लाख डॉलर होतात. चौदा टीम्स नुसत्या आत आल्या की पहिल्याच फेरीला 14 युनिट्स झाली, साधारण 2 कोटी 80 लाख डॉलर, आणि एकच टीम पाठवणाऱ्या लीगला 20 लाख. या पैशातून पुढच्या वर्षीचे कोच, प्लेअर, बाय गेमचे चेक, आणि त्यातून परत रँकिंग. कॉन्फरन्सेस मोठ्या झाल्या त्या बास्केटबॉलसाठी नाहीच, अमेरिकन फुटबॉलच्या टीव्ही हक्कांसाठी झाल्या, म्हणून लॉस एंजेलिसची यूसीएलए आज न्यू जर्सीच्या रटगर्सशी लीगची मॅच खेळते, स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये आहे. बास्केटबॉलच्या बिड्सवर त्याचा परिणाम काय होईल हा विचार तेव्हा कुणी केला असं वाटत नाही.

2025 ला 68 च्या 72 किंवा 76 करायच्या अशी चर्चा चालू होती, 2026 साठी 68 च ठेवल्या. म्हणतात की त्याने छोट्यांना संधी मिळेल. मला नाही वाटत. आजच्या मोजमापाने त्या वाढीव जागा कुणाला जातील ते वर लिहिलंच आहे, 37 पैकी 33 ज्यांना गेल्या त्यांनाच. आधी मोजमाप बदला. माझं म्हणणं सरळ आहे, स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये निम्म्या मॅचेस जिंकल्या नाहीत तर अ‍ॅट-लार्ज नाही, कॉन्फरन्स टूर्नामेंट जिंकून या, दरवाजा उघडा आहे. याने कधी अर्कान्सासारखी चांगली टीम बाहेर राहील हे मला माहितेय, 8-10 मध्ये आणि 9-9 मध्ये एकाच मॅचचा फरक आहे आणि शेड्यूल पण सगळ्यांना सारखं नसतं. पण टीम बाहेर राहणारच आहेत, प्रश्न एवढाच की कुठली, आणि सतरा जिंकून तीन हरलेल्या टीमपेक्षा आठ जिंकून दहा हरलेली बाहेर बसलेली मला जास्त न्याय्य वाटते. शिवाय हा नियम असला की मोठ्या कॉन्फरन्सला आणखी टीम्स गोळा करण्याचा मोह पण जरा कमी होईल, कारण 144 विजय सोळांमध्ये वाटायचे म्हटले की सगळ्यांच्या वाट्याला निम्मे येणं जवळपास अशक्य. दुसरं, मोठ्या लीगच्या प्रत्येक टीमने डिसेंबरपर्यंत निदान दोन मॅचेस छोट्या लीगच्या टीमच्या घरी जाऊन खेळाव्यात, आणि कोण गेलं नाही ते समितीच्या कागदावर लिहिलेलं असावं.

तुमच्याकडे पुढच्या मार्चमध्ये ब्रॅकेटची बातमी येईल तेव्हा एक छोटा तक्ता द्या अशी विनंती आहे, कॉन्फरन्सचं नाव, एकूण टीम्स, आत गेलेल्या टीम्स, आणि त्यातल्या किती लीगमध्ये निम्म्याखाली होत्या. चारच रकाने. जागा कमी असेल तर फ्लॉरिडाच्या कोचचा फोटो लहान करा.

आपला,
एक नियमित वाचक, इंडियाना